'फेल्युअर'ला मराठीत काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतून मराठीत आलेला मजकूर तपासताना 'फेल' आणि 'फेल्युअर' या जोडगोळीने माझा जेवढा वेळ खाल्ला आहे, तेवढा फार थोड्या शब्दांनी खाल्ला असेल. शब्द साधा, शाळेच्या पहिल्या वर्षापासून कानावर पडलेला. पण 'किडनी फेल्युअर'चं 'मूत्रपिंडाचे अपयश' आणि 'पॉवर फेल्युअर'चं 'विजेचे अपयश' झालेलं वाचलं की हात कपाळावर जातो. या शब्दाबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते खाली घेतलं आहे.

'फेल्युअर' म्हणजे अपयश. एवढं पुरेसं नाही का?

नाही. अपयश माणसाला येतं, फार तर त्याच्या प्रयत्नाला. ते विजेला, ब्रेकला किंवा मूत्रपिंडाला येत नाही.

इंग्रजीत परीक्षार्थी, पूल, पीक, बँक, लग्न, स्मरणशक्ती आणि रॉकेट हे सगळे एकाच क्रियापदावर भागवतात. मराठीचा संसार वेगळा आहे. विद्यार्थी नापास होतो, पूल कोसळतो, पीक हातचं जातं, बँक बुडते, लग्न मोडतं, आठवण दगा देते. बोलणी फिसकटतात, बेत बारगळतो, डाव फसतो, नेम चुकतो, व्यवस्था कोलमडते, यंत्र बंद पडतं, नाटक पडतं. मेहनत पाण्यात जाते आणि सगळं जमत आलेलं असताना ऐन वेळी मुसळ केरात जातं. यातली दोन क्रियापदं अदलाबदल करून पाहा. 'पूल फिसकटला' किंवा 'बोलणी कोसळली' म्हटलं तर ऐकणारा थबकेल.

त्यामुळे समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. नेमकं काय फेल झालं, हे आधी विचारा. नाम हाती आलं की मराठी क्रियापद आपण होऊन पुढे येतं.

हा शब्द मुळात आला कुठून?

लॅटिनमधल्या 'फालेरे' या क्रियापदातून. त्याचा अर्थ फसवणे, चकवणे. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. 'फॉल्स', 'फॉल्ट', 'फॅलसी', 'डिफॉल्ट' ही त्याच घरातली भावंडं. म्हणजे 'फेल' होणं हे मुळात हरणं नव्हतं, भरवशाच्या गोष्टीने ऐन वेळी हात वर करणं होतं. 'ब्रेकने दगा दिला', 'यंदा पावसाने दगा दिला' असं आपण म्हणतो तेव्हा लॅटिनचा एक शब्दही न शिकता आपण त्या मूळ अर्थावर बोट ठेवलेलं असतं.

'फेल्युअर' हे नाम बरंच नंतरचं, सतराव्या शतकातलं. आधी ते 'फेलर' असं होतं. 'प्रेशर'सारख्या शब्दांच्या संगतीने त्याचं शेपूट बदललं.

आपल्या शब्दांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. संस्कृतात 'यश' म्हणजे कीर्ती आणि 'अपयश' म्हणजे दुष्कीर्ती, लोकांत नाव जाणं. मराठीत तो अर्थ मागे पडला, पण शब्दाचं वजन गेलं नाही. म्हणूनच किरकोळ गोष्टीला 'अपयश' म्हटलं की उगाच गंभीर वाटतं. 'विफल' आणि 'निष्फळ' यांत फळ न येण्याची कल्पना आहे. 'अनुत्तीर्ण' म्हणजे पैलतीर न गाठलेला. आणि 'नापास' तर गमतीदार जोडकाम आहे: 'नालायक', 'नापसंत' यांतला 'ना' घेतला आणि त्याला थेट इंग्रजी 'पास' जोडून दिला.

'फेल' आणि 'फेल्युअर' यांत फरक काय?

सरळ बघायचं तर 'फेल' क्रियापद आणि 'फेल्युअर' नाम. पण 'फेल' हे नाम म्हणूनही जुन्या काळापासून आहे आणि 'विदाउट फेल' या जोडीत ते टिकून राहिलं. त्याला मराठीत 'न चुकता' म्हणतात. 'अपयशाशिवाय' नव्हे, हे सांगायची वेळ येऊ नये, पण आलेली आहे. परीक्षेच्या निकालातही 'अ फेल' म्हणतात. इंटरनेटवर 'एपिक फेल' आलं तेव्हा अनेक व्याकरणप्रेमी हळहळले होते. खरं तर नाम म्हणून 'फेल' वापरणं त्या पोरांनी शोधून काढलेलं नव्हतंच.

'फेलिंग' हे तिसरं नाम. त्याचा अर्थ स्वभावातली उणीव. 'हिज फेलिंग्ज' म्हणजे त्याच्यातल्या खोडी, कमतरता. त्याची अपयशं नव्हेत.

उच्चाराचंही विचारतात. इंग्रजीत तो 'फेल्यर'च्या जवळ जातो, मराठीत 'फेल्युअर' रुळला आहे. मराठी बोलताना मराठी उच्चार करायला कसली लाज?

'फेल्ड टू' आलं की 'प्रयत्न केला पण जमलं नाही' असाच अर्थ घ्यायचा का?

बहुतेक वेळा नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

'ही फेल्ड टू रिप्लाय' याचा अर्थ इतकाच की त्याने उत्तर दिलं नाही. प्रयत्न केला की नाही, याबद्दल वाक्य मुकं आहे. साध्या नकारापेक्षा त्यात एकच गोष्ट जास्त असते, ती म्हणजे अपेक्षा. उत्तर यायला हवं होतं, ते आलं नाही. मराठीत ही अपेक्षा दाखवायला 'च' पुरतो: 'त्याने उत्तरच दिलं नाही.'

पण बातम्यांच्या मराठीत एक साचा घट्ट बसला आहे: 'प्रशासन उत्तर देण्यात अपयशी ठरले', 'संघ खाते उघडण्यात अपयशी ठरला', 'आरोपी हजर राहण्यात अपयशी ठरला'. शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांपुढे काय येतं? आरोपी बिचारा धडपडत निघाला आणि पोहोचू शकला नाही! तो मुळात आलाच नाही, एवढंच सांगायचं होतं. हा साचा मला मनापासून खटकतो. 'ण्यात अपयशी ठरले' दिसलं की ते खोडून साधा नकार लिहून पाहावा. दहातल्या नऊ वेळा वाक्य सुधारतं.

नकारावर नकार आला की गोंधळ आणखी वाढतो. 'शी नेव्हर फेल्स टू कॉल' म्हणजे तिचा फोन हमखास येतो. 'आय फेल टू सी' हे दिसायला नम्र, आतून तिखट: 'मला कळत नाही' असं म्हणत खरं तर 'मला पटत नाही' असं सांगणं.

कायद्याच्या मजकुरात 'फेल्युअर टू पे' म्हणजे रक्कम न भरणे, 'फेल्युअर टू कम्प्लाय' म्हणजे पालन न करणे. नोटिशीच्या शेवटी येणारं 'फेलिंग विच' म्हणजे 'तसे न केल्यास'.

परीक्षेत नापास झालो, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

'आय फेल्ड मॅथ्स' किंवा 'आय फेल्ड द एक्झाम'. मराठीत आपण गणितात नापास होतो, म्हणून तो 'त' सोबत जातो आणि 'फेल्ड इन मॅथ्स' होतं. समोरच्याला अर्थ पोहोचतो, पण ब्रिटिश आणि अमेरिकी लिखाणात विषयाआधी सहसा 'इन' लागत नाही. 'ड्यूटी'सारख्या शब्दाआधी मात्र तो हवा: 'फेल्ड इन हिज ड्यूटी'. 'आय गॉट फेल्ड' टाळा. अमेरिकी बोलीत 'फ्लंक' चालतो, औपचारिक पत्रात नको.

'द टीचर फेल्ड मी' या वाक्याचे दोन अर्थ होतात: शिक्षकांनी मला नापास केलं, किंवा शिक्षक मला कमी पडले. मागचापुढचा मजकूर पाहिल्याशिवाय भाषांतर करू नका. 'यू हॅव फेल्ड मी' असं एखादी आई मुलाला म्हणते तेव्हा तिथे गुणपत्रिका नसते. तिथे 'तू माझा भरवसा मोडलास'.

'फेल', 'लूज' आणि 'डिफीट' एकमेकांच्या जागी चालतात का?

हरायला समोर कोणीतरी लागतं, फसायला लागत नाही. सामना 'लूज' होतो, 'फेल' होत नाही. 'डिफीट' जिंकणाऱ्याच्या बाजूने बोलतं: अमक्याने तमक्याला हरवलं. निवडणुकीत पडलेला उमेदवार 'लॉस्ट', त्याची प्रचाराची योजना 'फेल्ड'.

फ्लॉप, फियास्को, डिबॅकल, डड: हे सगळे एकच ना?

एकाच गल्लीतले आहेत, एकाच घरातले नाहीत.

'फ्लॉप' हा आवाजावरून आलेला शब्द. काहीतरी जड आणि ढिलं पडल्यावर होतो तो 'फ्लॉप'. लोकांनी न स्वीकारलेल्या नाटकासाठी, सिनेमासाठी, मालासाठी तो वापरतात. मराठीतही सिनेमा 'पडतो', 'आपटतो' किंवा 'डब्यात जातो', म्हणजे पडण्याची कल्पना आपल्याकडेही आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी या अमेरिकी खेळाडूने पाठ आडव्या दांडीकडे करून उंच उडी मारली आणि सुवर्णपदक जिंकलं. त्याच्या या तऱ्हेला 'फॉसबरी फ्लॉप' म्हणतात आणि आज वरच्या स्पर्धांतले उंच उडीवाले बहुतेक तशीच उडी मारतात. जगातला सगळ्यात यशस्वी फ्लॉप! (संगणकाचा वेग मोजतात तो 'फ्लॉप्स' पूर्ण वेगळा. तो आद्याक्षरांचा शब्द आहे, पडण्याशी त्याचं काही नातं नाही.)

'फियास्को'त चारचौघांतली शोभा असते. इटालियनमध्ये 'फियास्को' म्हणजे बाटली. नाट्यगृहातल्या बोलीत 'बाटली करणे' म्हणजे प्रयोगाचा बोऱ्या वाजणे, आणि ही बाटली तिथे का आली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. याला मराठीत 'फज्जा' किंवा 'फजिती' अगदी चपखल बसतात. 'फजिती' अरबीतल्या नाचक्कीच्या शब्दावरून आली आहे, म्हणजे तिथेही लोकांसमोर लाज जाणं आहेच. घरात एकट्याने केलेला आणि कोणी न पाहिलेला घोटाळा फियास्को होऊ शकत नाही.

'डिबॅकल' त्याहून मोठा. फ्रेंचमध्ये हा शब्द गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटून एकदम वाहत सुटण्यासाठी होता. एक गोष्ट निखळली आणि तिच्यामागोमाग सगळंच गेलं, असं चित्र असेल तर 'डिबॅकल'. मराठीत 'वाताहत', 'धूळधाण', 'पुरता बोजवारा'.

'डड' म्हणजे न फुटलेला बॉम्बगोळा. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या तोंडी हा अर्थ रुळला. आपला 'फुसका बार' इथे हुबेहूब बसतो. त्याच कुळातला 'फ्लॅश इन द पॅन' आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकीत कानाजवळच्या छोट्या वाटीतली दारू भक्कन पेटायची, पण नळीतला बार उडायचाच नाही. सुरुवातीला चमक आणि पुढे काहीच नाही, अशा माणसाला किंवा योजनेला तो लावतात. दोन्ही भाषा बंदुकीपाशी जाऊन एकाच अनुभवावर आल्या, हे मला फार आवडतं.

'बॉम्ब' जपून वापरा. अमेरिकेत नाटक 'बॉम्ब' झालं म्हणजे सपशेल पडलं. ब्रिटिश बोलीत एखादी गोष्ट 'वेंट लाइक अ बॉम्ब' म्हणजे जोरात चालली.

'हार्ट फेल' म्हणजे हृदय बंद पडणं ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी घराघरांत नाहक घबराट होते. बोलीत आपण 'हार्ट फेल झालं आणि गेले' असं म्हणतो. त्यामुळे अहवालावर 'हार्ट फेल्युअर' वाचलं की नातेवाइकांना वाटतं, संपलंच सगळं. रुग्ण तर समोर बसून बोलत असतो!

वैद्यकात 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय शरीराला लागेल तेवढं रक्त नीट पुढे ढकलू शकत नाही अशी अवस्था. ते धडधडत असतं, पण कमी पडत असतं. धाप लागते, पाय सुजतात, थकवा येतो. औषधं आणि देखरेख यांवर अनेक रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. डॉक्टर 'इजेक्शन फ्रॅक्शन' हा आकडा पाहतात: दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं. तो ४० किंवा त्याखाली असेल तर पंपाची ताकद घटलेली. पण आकडा ५० किंवा त्याहून जास्त असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, कारण कधी कधी हृदय आखडलेलं असतं आणि नीट भरतच नाही.

'हार्ट अटॅक' वेगळा. त्यात हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा अडतो. आणि हृदयाचं काम अचानक थांबणं म्हणजे 'कार्डियाक अरेस्ट'. तिथे त्याच क्षणी छाती दाबायला घ्यावी लागते आणि मदत बोलवावी लागते. 'हार्ट फेल्युअर'ला मराठीत 'हृदय कमकुवत पडणं' म्हटलेलं मला बरं वाटतं. 'निकामी' या शब्दात परतीची वाट बंद झाल्यासारखी वाटते.

मूत्रपिंडाच्या बाबतीत 'निकामी' बऱ्यापैकी रुळला आहे. दीर्घकालीन आजाराच्या पाचव्या टप्प्याला 'किडनी फेल्युअर' म्हणतात; तिथे गाळण्याचा अंदाजी वेग, म्हणजे ईजीएफआर, १५च्या खाली गेलेला असतो. अचानक आलेला बिघाड मात्र काही वेळा उपचारांनी भरून येतो. अशा वेळी 'किडनी निकामी' लिहून टाकण्याआधी थांबावं.

'पेशंट फेल्ड द ट्रीटमेंट' असं लिहितात. नापास नक्की कोण झालं?

उपचार. पण वाक्यात ठपका रुग्णावर येतो. इंग्रजी वैद्यकीय लिखाणातल्या या सवयीवर डॉक्टरांनीच टीका केली आहे. मराठीत 'उपचाराला दाद मिळाली नाही' किंवा 'औषध लागू पडलं नाही' असं लिहिता येतं. 'लागू पडणे' हा शब्दप्रयोग इथे इतका नेमका आहे की इंग्रजीवाल्यांना हेवा वाटावा.

लहान बाळांच्या बाबतीत 'फेल्युअर टू थ्राइव्ह' ही जुनी संज्ञा. वजन आणि वाढ अपेक्षेप्रमाणे न होणं, असा तिचा अर्थ. ती ऐकून आईबापांना वाटतं, आपलंच चुकलं. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१७ साली तिच्याऐवजी 'फॉल्टरिंग ग्रोथ' वापरलं आहे. 'वाढ मंदावली आहे' हे मराठी त्याला पुरेसं आहे.

'फेल-सेफ' म्हणजे कधीच न बिघडणारं?

उलट. फेल-सेफ यंत्र बिघडणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. बिघडलं तर ते सुरक्षित बाजूला बिघडावं, अशी रचना केलेली असते.

रेल्वेचा ब्रेक हे यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. त्यात दाब दिला की ब्रेक लागायचा. म्हणजे नळी फुटली किंवा डबे तुटून वेगळे झाले, तर नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक नाही. १८७२ साली त्याने हिशेब उलटा केला. नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहील, दाब उतरला की प्रत्येक डब्याच्या टाकीतली हवा ब्रेक लावेल. आता नळी फुटली तर गाडी थांबते. ब्रेक 'फेल' झाला आणि म्हणूनच लागला! उद्वाहनाची, म्हणजे लिफ्टची, गोष्ट अशीच. एलिशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाळण्यावर उभं राहून दोर कापायला लावला आणि पाळणा जागच्या जागी अडकला.

दाराच्या विजेवरच्या कुलपांत हा शब्द जपून वाचा. 'फेल-सेफ' कुलूप वीज गेली की उघडतं, 'फेल-सिक्युअर' कुलूप वीज गेली की बाहेरून बंदच राहतं. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेवर पहिलं हवं, तिजोरीच्या खोलीला दुसरं. दोन्हींचं भाषांतर 'सुरक्षित कुलूप' केलं तर कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. 'वीज जाताच उघडणारे' आणि 'वीज गेली तरी बंद राहणारे' असं लांबलचक लिहिलं तरी चालेल.

'फॉल्ट', 'एरर' आणि 'फेल्युअर' यांत अभियंते फरक का करतात?

कारण बिघाड शोधायला तोच फरक कामी येतो. 'फॉल्ट' म्हणजे आत दडलेला दोष. 'एरर' म्हणजे त्या दोषामुळे यंत्राच्या आत झालेली चुकीची स्थिती. 'फेल्युअर' म्हणजे ती चूक बाहेर आली आणि यंत्राने करायचं ते काम केलं नाही. दोष वर्षानुवर्षं निवांत पडून राहू शकतो.

४ जून १९९६ रोजी युरोपचं 'एरियान ५' हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, इंजिन पेटल्यानंतर साधारण ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला काही भाग आधीच्या 'एरियान ४'मधून जसाच्या तसा घेतलेला होता. नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेग घेत होतं. त्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना ती मावली नाही. दोष जुना होता, चूक त्या क्षणी घडली आणि बिघाड सगळ्या जगाने पाहिला. राखीव यंत्रणाही होती, पण तिच्यात तोच प्रोग्राम असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. दोन यंत्रणा असूनही कारण एकच. याला 'कॉमन कॉज फेल्युअर' म्हणतात. मराठीत 'सामायिक कारणाचा बिघाड' म्हणता येईल.

कर्ज बुडवणारा 'डिफॉल्टर' आणि मोबाइलमधलं 'डिफॉल्ट सेटिंग' यांत एकच शब्द कसा?

दोन्हीकडे कोणीतरी करायचं ते केलेलं नसतं. 'डिफॉल्ट' म्हणजे कर्तव्यात कसूर. हप्ता न भरणं हा एक प्रकार. कोर्टात प्रतिवादी आलाच नाही तर त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो, तोही 'बाय डिफॉल्ट'. तुम्ही काही केलं नाही, म्हणून जे आपोआप घडलं ते. संगणकवाल्यांनी हीच कल्पना उचलली: तुम्ही निवड केली नाहीत तर यंत्र जे धरून चालेल ते डिफॉल्ट. मराठीत एकाला 'थकबाकीदार' आणि दुसऱ्याला 'मूळ सेटिंग' म्हणतो, म्हणून नातं दिसत नाही.

बँक 'फेल' होते म्हणजे बुडते?

हो. जुन्या व्यापारी इंग्रजीत 'ही फेल्ड' म्हणजे त्याचं दिवाळं निघालं, एवढाच अर्थ असायचा. 'टू बिग टू फेल' हा प्रयोग १९८४ साली अमेरिकी काँग्रेसच्या एका सुनावणीनंतर गाजला. 'कॉन्टिनेंटल इलिनॉय' बँक सरकारने सावरली, त्यावरून स्टुअर्ट मॅकिनी हे सदस्य तो बोलले. याचा अर्थ 'बुडणं अशक्य इतकी मोठी' नव्हे, तर 'बुडू देणं परवडणार नाही इतकी मोठी'. या दोहोंतली गल्लत तज्ज्ञांच्या लेखांतही दिसते.

ॲपमध्ये 'पेमेंट फेल्ड', 'लॉगिन फेल्ड' यांचं भाषांतर काय करावं?

'अयशस्वी' सगळीकडे चिकटवलेलं दिसतं. ते चूक नाही, पण त्यातून वापरणाऱ्याला काही कळत नाही. 'व्यवहार अयशस्वी' वाचून माणूस सगळ्यात आधी विचारतो: पैसे गेले की राहिले? म्हणून 'पैसे पाठवले गेले नाहीत' असं लिहावं. 'पासवर्ड जुळला नाही', 'फाइल चढली नाही', 'संदेश पोहोचला नाही'. प्रोग्रामरने 'फेल्ड' लिहिलं कारण त्याला प्रत्येक ठिकाणी तोच शब्द पुरतो. आपल्याकडे क्रियापदं आहेत, ती कंजूषपणे का वापरायची? जागाच नसेल तर 'झालं नाही' हे दोन शब्द 'अयशस्वी'पेक्षा माणसाळलेले आहेत.

माणसाला 'अ फेल्युअर' म्हणतात, तसं मराठीत म्हणावं का?

इंग्रजीतही हे पहिल्यापासून नव्हतं. आधी फेल्युअर म्हणजे घडलेली गोष्ट, बऱ्याचदा धंदा बसणं. एकोणिसाव्या शतकात ते नाव माणसाला चिकटायला लागलं. मराठीची जुनी रचना आहे 'त्याला अपयश आलं'. इथे अपयश बाहेरून येतं, ताप येतो तसं, आणि कर्ता म्हणून वाक्यात तेच असतं. 'तो अपयशी माणूस आहे' या वाक्यात ते कायमचं मुक्कामाला येतं. मूळ इंग्रजी लेखकाला खरंच शिक्का मारायचा असेल तर 'अपयशी' लिहा, त्याची क्रूरता झाकू नका. नसेल तर 'आलं'वर भागवा.

सौम्य शब्द कोणते? आणि ते वापरावेत का?

'सेटबॅक' म्हणजे पीछेहाट, तात्पुरती. 'शॉर्टफॉल' म्हणजे तूट. अंतराळवाले रॉकेट फुटलं तरी आधी 'ॲनोमली', म्हणजे विसंगती, म्हणतात, आणि त्यांच्यातले विनोदी लोक 'ठरलेलं नसताना झपाट्याने सुटे भाग होणे' अशा अर्थाचा एक लांबलचक शब्दप्रयोग चालवतात. अपोलो १३ची मोहीम एप्रिल १९७० मध्ये चंद्रावर न उतरताच परतली, तिघेही सुखरूप आले, आणि तिला 'यशस्वी अपयश' म्हटलं गेलं. तो शब्द तिथे शोभतो, कारण मागे काहीतरी घडलेलं होतं.

२००५ साली ब्रिटनमधल्या शिक्षकांच्या एका संघटनेच्या परिषदेत शाळेतला 'फेल' काढून 'डिफर्ड सक्सेस', म्हणजे लांबलेलं यश, म्हणावं असा प्रस्ताव आला होता. शिक्षकांनीच तो फेटाळला. मला त्यांचं बरोबर वाटतं. मुलं हुशार असतात, महिनाभरात 'तू डिफर्ड आहेस' ही शाळेतली नवी शिवी झाली असती.

'त्याच्यापुढे भले भले फेल' हे इंग्रजीत कसं सांगायचं?

'फेल' शब्द न वापरता. मराठीत आपण या शब्दाला इंग्रजीत नसलेलं एक काम दिलं आहे: तुलनेत फिकं पडणं. 'तिच्या आवाजापुढे सगळे फेल.' इथे कोणीही नापास झालेलं नाही, कोणाचं काही बिघडलेलं नाही. 'ऑल फेल बिफोर हर' म्हटलंत तर इंग्रज गोंधळेल. त्याला 'नोबडी कम्स क्लोज' सांगा.

सोबतची क्रियापदंही आपण आपली लावली आहेत. विद्यार्थी फेल होतो, युक्ती फेल जाते, अंदाज फेल ठरतो, आणि तुलनेत माणूस फेल पडतो. हे चार नियम कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत, पण मराठी घरातलं सात वर्षांचं पोर ते चुकत नाही.